कुजलेली कॅम्पर बॉडी: आधी टोचून बघ

भावा, कॅम्परची (आत राहता येईल अशा गाडीची) लाकडी बॉडी कुजली म्हणून लगेच नवीन प्लाय आणायला पळू नको, आधी स्क्रूड्रायव्हर घे आणि खिडकीखाली, छताच्या कोपऱ्यात, फ्लोअरच्या कडेला टोचत जा, सहज आत घुसला तिथलं लाकूड गेलं समज, आणि कूज दिसणाऱ्या डागाच्या बरीच पुढे गेलेली असते. पाणी कुठून शिरतंय ते सापडल्याशिवाय एक स्क्रू मारू नको. मी घाई केली होती, त्र्यंबकच्या एका पावसाळ्यात सगळं परत पोचट झालं, फार वाईट वाटलं रे. मे महिन्यात बॉडी उघडी ठेवून नीट वाळव. मरीन प्लाय (पाण्यात टिकणारा प्लाय) आयएस ७१० हा त्याच्या भारतीय मानकाचा शिक्का बघूनच घे, कापलेल्या कडांना इपॉक्सी (पाणी अडवणारं रेझिन) लाव. फ्रेमच निम्मी गेली असेल तर मात्र लोखंडी चौकटीवर नवी बांध, पण आधी आरटीओत विचार, गाडीत बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागतं.