स्वतःचं वेबपेज हाताने लिहावं की तयार टेम्पलेट घ्यावं? शिकायला किती दिवस लागतात?

हाताने लिहा. पान मराठीत असेल तर टेम्पलेटच्या वाटेला जाऊच नका.

माझे वडील कोल्हापुरात बोर्ड पेंटर. शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, उद्यमनगर, सगळीकडे त्यांनी पाट्या रंगवल्या. फ्लेक्स आला आणि काम आटलं. राहिलेल्या पाट्यांचे फोटो एका जागी असावेत म्हणून त्यांच्या नावाचं पान काढायचं घरात ठरलं. आतेभाऊ पुण्यात वेबसाइटी बनवण्याच्या धंद्यात आहे. त्याने एका संध्याकाळी तयार टेम्पलेटात सगळं बसवून मोबाइल वडिलांच्या हातात दिला. फोटोंकडे त्यांनी बघितलंच नाही. म्हणाले, "शिरोरेघ कुणी तोडली रं?"

खरंच तुटली होती. टेम्पलेट इंग्रजीसाठी बेतलेलं, त्यामुळे मथळ्याला लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमध्ये जादा जागा, दिलेलं. रोमन अक्षरं मुळातच सुटी, त्यांना ते शोभतं. आपली रेघ मात्र प्रत्येक अक्षरापाशी तुटते. लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, इतकी आवळलेली, की वरच्या ओळीतले उकार खालच्या वेलांट्यांत घुसलेले. आणि ल, श हिंदी वळणाचे! ज्यांनी आयुष्यभर पाकळीचा ल आणि देठाचा श काढला, त्यांच्याच पानावर दांडीचा ल. आतेभाऊ म्हणाला, "मामा, एवढं कोण बघतंय?" वडील म्हणाले, "मी बघतोय की."

टेम्पलेटात हे दुरुस्त होतं, नाही असं नाही. पण मांडणीचा एक नियम दाबला की दुसऱ्या फायलीतला वर येतो. मी कोरी फाइल उघडली. वर दोन ओळी लागतात: यूटीएफ-8 ची, मराठी अक्षरं नीट उमटावीत म्हणून, आणि व्ह्यूपोर्टची, पान मोबाइलच्या रुंदीत बसावं म्हणून. एचटीएमएल ही पान लिहायची भाषा आणि टॅग म्हणजे तिच्यातल्या खुणा; त्यातल्या एचटीएमएल टॅगच्या लँगमध्ये, म्हणजे भाषा सांगायच्या जागी, मराठीसाठी 'एमआर' लिहा, ते बहुतेक जण विसरतात. ज्या फाँटमध्ये मराठी वळणं भरलेली असतात, त्यात ल आणि श तेवढ्यानेच बदलतात. लेटर-स्पेसिंग शून्य, लाइन-हाइट अक्षराच्या आकाराच्या 1.7 पटीच्या आसपास.

पुढचं वडिलांनी शेजारी खुर्ची टाकून करून घेतलं. टेम्पलेटातलं करडं अक्षर त्यांनी पहिल्या फटक्यात काढायला लावलं, उन्हात दिसणार नाही म्हणून. वेबच्या सुलभतेच्या नियमांतही साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा काँट्रास्ट, म्हणजे उजळ-गडदपणाचा फरक, किमान 4.5 ला 1 हवा असंच आहे. ते नियम न वाचता त्यांना ते कळत होतं. मोबाइल हातभर लांब धरून ते वाचून बघायचे आणि "अजून मोठं कर" म्हणायचे. प्रत्येक फोटोच्या ऑल्टमध्ये, म्हणजे फोटो न दिसणाऱ्यासाठी लिहायच्या वर्णनात, पाटी कुठल्या दुकानाची आणि रंग कुठला, हे त्यांनीच सांगितलं. एचटीएमएलमध्येच फोटोची रुंदी-उंची लिहून ठेवा, म्हणजे पान उघडताना मजकूर उड्या मारत नाही.

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी 1991 साली वेबवर ठेवलेलं पान आजच्या ब्राउझरमध्येही उघडतं, कारण त्यात मथळे, मजकूर आणि लिंका याखेरीज काही नाही. उलट जिओसिटीज या पानं ठेवायच्या सेवेवर लोकांनी हौसेनं केलेली पानं 2009 मध्ये ती सेवाच बंद झाल्यावर गेली. तुमची फाइल तुमच्याकडे असेल तर आज गिटहब पेजेस या पानं ठेवायच्या सेवेवर फुकट ठेवा, उद्या दुसरीकडे हलवा.

किती दिवस लागतील ते तुम्हाला काय मांडायचंय त्यावर आहे. एका पानापुरते टॅग थोडेच लागतात. वेळ जातो तो मजकूर लिहिण्यात आणि फोटो निवडण्यात. हो, ऑर्डरी आणि पैसे घ्यायचे असतील तर मात्र हे हातानं करू नका, तिथे तयार व्यवस्थाच घ्या.

आतेभाऊ अजून म्हणतो की गिऱ्हाईक अक्षराचं वळण बघून येत नाही. वडिलांकडे ते वळण बघूनच यायचं. त्याच पाट्यांवर आमचं घर चाललं, आणि हा बारावीला आमच्याकडे राहत होता तेव्हा त्याच्या क्लासची फीसुद्धा त्यातूनच गेली.