टर्बो लावायचाय, पण इंजिन आतून टिकेल का?

प्रश्न: माझं चार सिलेंडरचं १.३ लिटर पेट्रोल इंजिन मुळात टर्बोचं नाही. बोअर (सिलेंडरचा व्यास) ७४ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५.५ मिमी, कॉम्प्रेशन रेशो ९.५. त्यावर १ बार बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब) द्यायचं आहे. आधी कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) बदलू की पिस्टन?

उत्तर: इंजिन उघडणं, होनिंग (सिलेंडरच्या भिंती घासून नीट करणं) आणि बॅलन्सिंग यांचा खर्च दोनदा करायचा नसेल, तर दोन्ही एकदमच बदला. आधी दगा कोण देतं म्हणाल, तर बहुतेक वेळा पिस्टन. ओतीव पिस्टनमध्ये पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधली भिंत बारीक असते. भर बूस्टमध्ये नॉकिंगचे, म्हणजे उरलेलं मिश्रण ज्योत पोहोचण्याआधीच आपोआप पेटल्याचे, जोरदार ठोके बसले की तिचा तुकडा उडतो, त्या सिलेंडरचं कॉम्प्रेशन पडतं आणि डिपस्टिकच्या नळीतून धूर यायला लागतो.

रॉडचं गणित वेगळं आहे. १ बार बूस्टला सिलेंडरमध्ये जवळपास दुप्पट हवा शिरते. तिच्या स्फोटाचा दाब रॉडला वाकवतो, आणि हा धोका कमी आरपीएमवर जास्त. त्यामुळे २५०० आरपीएमलाच पूर्ण बूस्ट देणारा छोटा टर्बो रॉडच्या दृष्टीने वाईट. रॉड ताणून तुटतो तो मात्र आरपीएममुळे, कारण हा ताण आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६००० ची मर्यादा ७५०० वर नेली की तो सुमारे ५६ टक्क्यांनी वाढला. हा सगळा ताण शेवटी बोल्टवर येतो, म्हणून रॉड घेताना बोल्ट कोणते आहेत ते आधी बघा. ४३४० स्टीलचे फोर्ज्ड (दाबून घडवलेले) एच-बीम (एच आकाराच्या छेदाचे) रॉड तुमच्या कामाला पुरतील. बोल्ट कसताना नुसत्या टॉर्क रेंचवर विसंबू नका. मायक्रोमीटरने बोल्टची लांबी आधी आणि नंतर मोजा, रॉडसोबत आलेल्या कार्डावर दिलेली वाढ मिळेपर्यंत कसा.

जुन्या रॉडला फक्त भारी बोल्ट लावण्याची पळवाट अनेकांना सुचते. बोल्टचा जोर बदलला की बिग एंडचं, म्हणजे रॉडच्या क्रँककडच्या टोकाचं, भोक गोल राहत नाही, ते पुन्हा मशीन करावं लागतं. कॅप (बिग एंडचा सुटा होणारा भाग) फोडून वेगळी केलेले रॉड असतील, तर कॅप घासून भोक गोल करायची नेहमीची पद्धतही चालत नाही.

प्रश्न: कॉम्प्रेशन ८.५ वर आणायला जाड हेड गॅस्केट टाकली तर?

उत्तर: वरच्याच प्रश्नातलं इंजिन घ्या. एका सिलेंडरचं आकारमान सुमारे ३२५ सीसी. ९.५ कॉम्प्रेशनला वर साधारण ३८ सीसी जागा उरते, ८.५ साठी ४३ हवी. ही ५ सीसी गॅस्केटने भरून काढायची तर हेड सुमारे १.२ मिमी उचलावं लागेल. मग पिस्टनचा काठ आणि हेड यांच्यातली १ मिमीची फट २.२ होते. मिश्रण दाबून मध्यभागी ढकलण्याचं काम ही फट करते. ती फुगली की ज्वलन मंदावतं, आणि ज्या नॉकिंगच्या भीतीने हे सगळं केलं तेच परत येतं. ती ५ सीसी पिस्टनच्या डोक्यात खळगा ठेवून मिळवा आणि गॅस्केट मूळ जाडीचीच, पण मल्टि-लेयर स्टीलची घ्या. तिला ब्लॉक आणि हेड दोन्हीचा पृष्ठभाग गुळगुळीत लागतो. जुनी गॅस्केट गोल डिस्कच्या ग्राइंडरने खरवडून काढलीत, तर नवी कितीही महाग असली तरी गळणार.

प्रश्न: फोर्ज्ड पिस्टनसोबतच्या रिंग बॉक्समधून काढून तशाच बसवता येतात का?

उत्तर: मोजल्याशिवाय नाही. बूस्टमध्ये वरची रिंग खूप तापते आणि लांबते. गॅप (रिंगच्या दोन टोकांमधली फट) कमी असेल तर तिची टोकं एकमेकांना भिडतात, रिंग बोअरमध्ये आवळते, बोअर ओरबाडते आणि पिस्टनचा वरचा काठ उखडते. ‘टर्बोने इंजिन फाडलं’ म्हणून सांगितले जाणारे बरेच किस्से इथे सुरू झालेले असतात.

रिंग तिच्याच सिलेंडरमध्ये घाला, उलट्या पिस्टनने सरळ २५ मिमी खाली ढकला आणि फीलर गेजने गॅप मोजा. वरच्या रिंगला बोअरच्या ०.००५५ पट, म्हणजे ७४ मिमीला सुमारे ०.४१ मिमी, दुसरीला थोडी जास्त, ०.४५ च्या आसपास. पिस्टनच्या कार्डावर बूस्टसाठी वेगळा आकडा असेल तर तोच धरा. एकच टोक घासा, तेही बाहेरून आतल्या दिशेने, नाहीतर बाहेरच्या कडेचा लेप निघतो. घाई करू नका: ०.०५ मिमी जास्त घासली गेली तर थोडा ब्लो-बाय (रिंगजवळून खाली निसटणारा वायू) वाढेल, तेवढीच कमी पडली तर पिस्टन जाईल. घासल्यावर कडेची कुसळं तेलदगडाने काढा आणि रिंगला सिलेंडरचा नंबर लावून ठेवा.

प्रश्न: इंजिन बांधून झालं. सकाळी सुरू केलं की खडखडतं, गरम झाल्यावर शांत होतं. काम बिघडलं का?

उत्तर: पिस्टन २६१८ या ॲल्युमिनियम मिश्रधातूचे असतील तर हे अपेक्षितच. तो धातू जास्त फुगतो, म्हणून भिंतीशी फट जास्त ठेवतात. या बोअरला बहुधा ०.०८ ते ०.१० मिमी. रोजच्या गाडीला ४०३२ मिश्रधातूचे पिस्टन शांत पडतात, पण नॉकिंग कमी सोसतात. तेल गरम होईपर्यंत बूस्ट देऊ नका. आवाज गरम इंजिनमध्ये, खालून आणि ॲक्सिलरेटर दाबताना येत असेल, तर मात्र गाडी तिथेच थांबवा आणि बिग एंड बेअरिंग उघडून बघा.

प्रश्न: हेड स्टड किती जोरात कसायचे?

उत्तर: स्टड ब्लॉकमध्ये हातानेच बसवा, जोर द्यायचा तो नटावर. उत्पादकाने दिलेलीच पेस्ट धाग्याला आणि वॉशरला लावा, कारण टॉर्कचा आकडा त्या पेस्टसाठीच असतो, आणि तीन टप्प्यांत मधून बाहेर कसत जा. त्याआधी भोकात तेल किंवा पाणी साचलेलं नाही याची खात्री करा. बंद भोकात अडकलेलं तेल दबून ब्लॉकला तडा पाडतं.