एनक्लेक्समध्ये एकदा नापास झाले, आता परत देऊ की सोडून देऊ?

हा प्रश्न मला इतक्या जणींनी विचारलाय, आणि दोघातिघा ब्रदर लोकांनीपण, की आज एकीची गोष्ट जरा सविस्तर सांगते. तिची परवानगी घेतलीये, आणि नाव, गाव, हॉस्पिटल, ओळख पटेल असं सगळं बदललंय. आपण तिला मीनल म्हणू.

ज्यांच्या घरात कुणी नर्सिंगला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. आपल्याकडे बीएस्सी नर्सिंगची डिग्री हातात आली की महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलला रजिस्ट्रेशन करायचं आणि कामाला लागायचं, मध्ये वेगळी लायसनची परीक्षा नसते. अमेरिकेत तसं नाही, तिथं शिकलेल्या मुलींनाही डिग्रीनंतर एनक्लेक्स-आरएन पास झाल्याशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही, आणि कॅनडा ऑस्ट्रेलियाला जाणारेही आता हीच देतात. परीक्षा कॉम्प्युटरवर असते, वेळ ५ तास, प्रश्न कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५०. तुम्ही उत्तरं कशी देताय ते बघून कॉम्प्युटर पुढचा प्रश्न सोपा का अवघड ते ठरवत जातो आणि तुम्ही पास होण्याच्या रेषेच्या वर आहात का खाली याची त्याला ९५ टक्के खात्री झाली की तो तिथंच थांबतो. मुंबईत सेंटर आहे. आणि खर्च म्हणाल तर नोंदणीचे २०० डॉलर, अमेरिकेबाहेर बसून देताय म्हणून वर १५० डॉलर आणि टॅक्स, शिवाय कागदपत्रांची तपासणी आणि क्लासची फी वेगळी.

मीनल माझ्याकडे समुपदेशनाला आली तेव्हा निकालाला दोन महिने झाले होते. सांगली जिल्ह्यातली मुलगी, वडलांची द्राक्षबाग, पुण्यात एका प्रायव्हेट हॉस्पिटलच्या आयसीयूत तीन वर्षं काम केलेली. आईच्या पाटल्या गहाण ठेवून क्लास लावलेला. नापास झाल्याचं घरी सांगितलंच नव्हतं, "अजून निकाल यायचाय" असंच चाललेलं. ड्युटी करत होती पण झोप नाही, जेवण नाही, आणि कुणी "काय गं, कधी चाललीस अमेरिकेला" असं सहज विचारलं तरी छातीत धडधड. पहिलं वाक्य ती माझ्यासमोर काय बोलली तर, "मॅडम, मी हुशार नाहीये, चार वर्षं सगळ्यांना फसवलं मी." हे ती रडत नाही बोलली, अगदी सपाट आवाजात बोलली आणि मला तेच जास्त लागलं.

मी आधी नेहमीचं केलं. झोपेचं बघितलं, श्वासाचे व्यायाम, मनात येणारी वाक्यं लिहून काढायची वगैरे. दोन सेशन्स गेली, झोप थोडी सुधारली, पण परीक्षेचा विषय निघाला की परत तेच, मी हुशार नाही. मग तिसऱ्या वेळी मी विचारलं की अगं नापास झालेल्यांना एक रिपोर्ट येतो ना, कुठल्या भागात कसं झालं त्याचा, तो बघितलास का? तर म्हणाली फोनमध्ये आहे, उघडला नाही. दोन महिने तो रिपोर्ट तिच्या खिशात होता आणि तिनं उघडलेला नव्हता!

तर आम्ही तो तिथंच बसून उघडला. घाई केली नाही, आधी पाणी प्यायली, मग म्हणाली ताई तुम्ही वाचा. (मॅडमची ताई झाले ती त्या दिवसापासून.) त्या रिपोर्टात मार्क नसतात. अभ्यासक्रमाचे आठ भाग असतात आणि प्रत्येकापुढे तुम्ही रेषेच्या वर आहात, रेषेजवळ आहात का रेषेखाली एवढंच लिहिलेलं असतं. मीनलचं सहा ठिकाणी रेषेजवळ, औषधांच्या भागात रेषेच्या वर, आणि एका ठिकाणी खाली, मॅनेजमेंट ऑफ केअर, म्हणजे आधी काय करायचं आणि कुठलं काम कुणाला द्यायचं हे ठरवण्याचा भाग. आणि वरती लिहिलेलं की १५० प्रश्न सोडवले. म्हणजे कॉम्प्युटरची शेवटपर्यंत खात्रीच होत नव्हती की हिला खाली टाकू का वर! ज्या मुलीनं स्वतःला दोन महिने मठ्ठ ठरवलं होतं ती रेषेला चिकटून होती. बऱ्याच जणी "८५ ला बंद झालं म्हणजे पास, १५० ला गेलं म्हणजे गेलंच" असं धरून चालतात, ते तसं नाही. ८५ ला पासही होतात, नापासही होतात, आणि १५० चंही तसंच.

आता मॅनेजमेंट ऑफ केअरच का? प्रश्नांमध्ये सगळ्यात मोठा वाटा याच भागाचा असतो म्हणून हे समजणं भाग होतं. मी नर्स नाही, त्यामुळे मी तिला म्हटलं की मला चुकलेला एखादा प्रश्न समजावून सांग, मी पेशंटची नातेवाईक आहे असं समज. तिनं सरावातला एक सांगितला. हिपचं ऑपरेशन होऊन दुसरा दिवस, पेशंटला अचानक धाप लागलीये, बेचैन आहे, ऑक्सिजन ८६ दाखवतोय, नर्स सगळ्यात आधी काय करेल? हिनं उत्तर दिलं होतं डॉक्टरांना कळवेल. बरोबर उत्तर होतं डोक्याकडची बाजू वर करून ऑक्सिजन लावेल. मी विचारलं, तुला हे माहीत नव्हतं? तर एकदम उसळून म्हणाली, "माहीत नसायला काय झालं, रोज करते की मी!"

मग गप्प झाली. आणि मग जे सांगितलं ते मी तिच्याच परवानगीनं लिहितेय. नोकरीला लागून दोन महिने झाले होते, नाइटला एका पेशंटचा ऑक्सिजन तिनं स्वतःहून वाढवला आणि मग फोन केला. पेशंट बरा राहिला. पण सकाळी राउंडला सगळ्यांसमोर ऐकवलं गेलं, तुला कुणी सांगितलं होतं, तू डॉक्टर आहेस का. त्यानंतर तिनं कानाला खडा लावला. काम तेच करायची, पण आधी फोन, मग हात. आणि कागदावर तर कायमच, "डॉक्टरांना कळवले, सूचनेनुसार केले".

तीन वर्षं. रोज. कितीतरी वेळा. आणि मग एक दिवस मुंबईच्या त्या सेंटरमध्ये बसून कॉम्प्युटर तिला विचारतोय की बाई, तू काय करशील? तू. आणि तिचा हात आपोआप त्याच पर्यायावर जातोय जो तिला वॉर्डात वाचवत आला. याला हुशारी कमी पडणं म्हणायचं? मला त्या दिवशी खरंच राग आला होता, तिचा नाही, त्या राउंडचा.

म्हणून मी तिला एक काम दिलं. आयसीयूतल्या अशा पाच वेळा आठव जेव्हा पेशंटचं काहीतरी बिघडतंय हे तुला सगळ्यात आधी कळलं. म्हणाली असं काही नाही माझं. पुढच्या वेळी अकरा लिहून आणल्या! एका आजोबांचं बीपी अजून ठीक दिसत होतं पण लघवी कमी झाली होती आणि ते सारखे हाताची सलाईन ओढत होते, "नेहमीसारखे नाहीत" म्हणून तिनं दोनदा फोन करून डॉक्टरांना बोलावलं होतं आणि तासाभरात खरंच बीपी पडलं होतं. एनक्लेक्समध्ये २०२३ च्या एप्रिलपासून जे केस स्टडीचे प्रश्न आलेत, एकाच पेशंटवर सहा सहा, त्यात अगदी हेच विचारतात, यातलं काय खटकतंय, त्याचा अर्थ काय, आधी काय धरायचं, काय करायचं आणि केलेल्याचा उपयोग झाला का. ती हे रोज करत होती, फक्त त्याला स्वतःचं नाव देत नव्हती.

दुसरी अडचण कामं वाटून देण्याच्या प्रश्नांची. तिथं आरएनच्या, म्हणजे रजिस्टर्ड नर्सच्या, हाताखाली एलपीएन (कमी मुदतीचं शिक्षण घेतलेल्या नर्स) असतात आणि असिस्टंट असतात, आणि कुठलं काम कुणाला द्यायचं यावर बरेच प्रश्न. आपल्या वॉर्डात काय असतं, एक सिस्टर, एक मावशी, एक मामा आणि पेशंटचे नातेवाईक, आणि ज्याचा हात रिकामा तो करतो. हा भाग मी माझ्या ओळखीच्या एका नर्सिंग ट्यूटरकडे सोपवला. त्यांनी तिला एकच धागा पकडायला सांगितला, की तपासून अंदाज घेणं, पेशंटला शिकवणं आणि उपयोग झाला का ते ठरवणं ही तीन कामं आरएन असिस्टंटला कधीच देत नाही. आंघोळ, चालवणं, स्थिर पेशंटचं बीपी बघणं, किती प्यायला किती लघवी झाली ते मोजणं हे देता येतं. नवीन भरती झालेला किंवा अचानक बिघडलेला पेशंट आरएननं स्वतःकडे ठेवायचा. आणि त्या बाईंनी एक बजावलं तेही सांगते, की "डॉक्टरांना कळवा हे उत्तर कायम चूक" असं पाठ करून जाऊ नका, नर्सच्या हातात करण्यासारखं काही उरलेलं नसेल तेव्हा तेच बरोबर असतं.

बाकी छोट्या गोष्टी होत्या, पॅरासिटामॉलला तिथं अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात, सालब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल, अ‍ॅड्रेनलिनला एपिनेफ्रिन, वजन पाउंडात. त्याची एक यादी केली आणि कपाटाच्या दारावर लावली, झालं.

अभ्यासाची पद्धत मात्र पूर्ण बदलली. आधी ती दिवसाला १५० प्रश्न सोडवायची, नाइट करून आल्यावरसुद्धा, आणि किती टक्के आले एवढंच बघून पुढे. आता ४०च, पण उत्तर उघडायच्या आधी वहीत एक ओळ, मी हे का निवडलं. मग स्पष्टीकरण वाचायचं, बरोबर आलेल्याचंही. पहिल्या आठवड्यात त्या वहीत "भीती वाटली म्हणून" हे कारण किती वेळा आलं ते तिनंच मोजलं, सतरा वेळा. नाइटच्या दुसऱ्या दिवशी अभ्यास बंद, झोप. रविवारी एकदा सलग पाच तास खुर्चीत, घड्याळ काढून फोन दुसऱ्या खोलीत, कारण सेंटरवरही सगळं लॉकरमध्येच ठेवावं लागतं. परत द्यायला मध्ये ४५ दिवस जावे लागतात, आम्ही जवळजवळ चार महिने घेतले आणि मला वाटतं ते बरं झालं.

आणि घरी सांगायचं होतं. हे सगळ्यात अवघड गेलं. मी म्हटलं मी बोलू का, तर नको म्हणाली, फक्त मी इथून फोन लावते तुम्ही समोर बसा. आप्पांना सांगितलं की पाच महिन्यांपूर्वीच निकाल लागला, नापास झाले, खोटं बोलत होते. पलीकडे बराच वेळ काही नाही. मग ते म्हणाले, "आगं मग हे आदीच सांगायचं न्हाई व्हय? एकटीच घेऊन बसलीस हे?" आणि थोड्या वेळानं, "बागंचं एक साल जातं. छाटणी परत करतोच की आपण." त्या रात्री ती सात तास झोपली, मला दुसऱ्या दिवशी मेसेज आला.

दुसऱ्यांदा परीक्षेला जाण्याआधी कागदांचा एक घोळ निस्तरला, तो सगळ्यांनी बघून ठेवा. आपल्याकडे नाव, वडलांचं नाव, आडनाव अशी पद्धत, त्यात डिग्रीवर एक क्रम, पासपोर्टवर दुसरा, लग्न झालेल्यांचं तर आडनावच वेगळं. परीक्षेच्या परवानगीपत्रावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव जुळलंच पाहिजे, नाहीतर सेंटरवरून परत पाठवतात आणि फी जाते. तारीख घ्यायच्या आधी बघा, आदल्या रात्री नाही.

या वेळी ९८ व्या प्रश्नाला स्क्रीन बंद झाली. बाहेर येऊन फोन केला तेव्हा म्हणाली, काय झालं माहीत नाही ताई पण या वेळी उत्तरं मी दिली. पास झाली. निकाल कळला तेव्हा ड्युटीवर होती, हँडओव्हर पूर्ण केला आणि मगच घरी फोन लावला.

आता जी माझ्यासमोर येऊन विचारते की परत देऊ का सोडू, तिला मी आधी रिपोर्ट उघडायला लावते. सगळे भाग रेषेखाली असतील तर लगेच तारीख घेऊ नका, सहा महिने विषय परत वाचा, त्यात कमीपणा नाही. बरेचसे रेषेजवळ असतील तर तुम्ही बहुतेक एखाद्या सवयीपाशी अडकलाय, ती शोधा. आणि जायचंय कशासाठी तेही एकदा स्वतःला विचारा, कारण पास झालं की लगेच विमान नसतं, भारतात जन्मलेल्यांसाठी अमेरिकेच्या ग्रीन कार्डची रांग कित्येक वर्षांची आहे आणि हे क्लासवाले पहिल्या दिवशी सांगत नाहीत. मीनलला हे माहीत आहे. तिचा नंबर लागायचाय, तोवर ती पुण्यातच आहे, त्याच आयसीयूत. पाटल्या पगारातून सोडवल्या. मागच्या महिन्यात तिच्या वॉर्डातली एक नवीन मुलगी रात्री ऑक्सिजन वाढवून मग फोन करायला धावली, आणि सकाळी राउंडला विचारणा झाली तेव्हा मीनल पुढे होऊन म्हणाली, "सर, तिनं बरोबर केलं, मीपण तेच केलं असतं."

राउंड पुढच्या बेडकडे गेला.