पाठ लागली तरी लढत सुरूच असते

चि. पैलवानास,

तुझा मेसेज वाचला. ब्राझिलियन जिउ-जित्सू, म्हणजे मॅटवर खाली लढून सांधा अडकवायची किंवा गळा आवळायची ती कुस्ती, शिकायचीय, पण तालमीतली पोरं हसतील म्हणतोस. हसू देत. आपल्या गोळेश्वरच्या खाशाबांनी अंग मातीत घडवलं आणि 1952 साली हेलसिंकीला कांस्यपदक जिंकलं ते मॅटवर. माती मोठी की मॅट, हा वाद सातारा जिल्ह्यात तरी कुणी घालू नये.

तुझी खरी अडचण वेगळी आहे. पाठ लागली की कुस्ती गेली, हे तुझ्या हाडीमाशी भिनलंय. त्यामुळे खाली जाताना तू आपसूक पोटावर वळणार, आणि इथे नेमकं तेच महागात पडतं. पोटावर वळलास की समोरचा पाठीवर चढतो, दोन्ही टाचा तुझ्या मांड्यांच्या आतून अडकवतो. त्याचे त्याला 4 गुण, आणि वर त्याचा हात तुझ्या गळ्याभोवती. मान कितीही कमावलेली असो, गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या की काही सेकंदांत शुद्ध हरपते.

उलट पाठीवर राहून समोरच्याला दोन्ही पायांत धरलंस, तर डाव तिथून सुरू होतो. त्याला गार्ड म्हणतात. पट काढून, म्हणजे पाय धरून, पाडायचे 2 गुण तू पहिल्याच आठवड्यात मिळवशील, यात मला शंका नाही. पण पाडलंस की त्याच गार्डमध्ये जाऊन बसशील. ते पाय ओलांडून बाजूला निघालास तर 3 गुण. आणि निघेपर्यंत तुझ्या निम्म्या ताकदीची एखादी कॉलेजातली मुलगी तुझा हात ताणून आर्मबार, म्हणजे कोपर उलटं ताणायचा डाव, लावेल. तिथे तोंड पाडू नकोस. तिने ते शिकून घेतलंय, तू अजून शिकायचायस. म्हणून माझं ऐकशील तर पहिले काही महिने पट काढूच नकोस. आपण होऊन खाली बस आणि तळातून लढ. कंटाळा येईल, चिडचिड होईल, वस्तादांनी पाहिलं तर काय म्हणतील असंही वाटेल. तरी बस.

आणि टॅप कर. सांधा अडकला, गळा आवळला, की समोरच्याच्या अंगावर दोन-तीनदा थाप मारायची, म्हणजे हार मानली, तो लगेच सोडतो. हात मोकळे नसतील तर तोंडाने सांगायचं. 1951 साली रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये जपानच्या मासाहिको किमुरा या ज्युदोपटूने एलिओ ग्रेसीचा, म्हणजे ही ब्राझिलियन जिउ-जित्सू घडवणाऱ्यांपैकी एकाचा, हात पिरगळला. एलिओने टॅप केला नाही, हात मोडला, शेवटी त्याच्या बाजूच्यांनी लढत थांबवली. तो डाव आजही किमुरा म्हणूनच ओळखला जातो. लोक ही गोष्ट एलिओच्या जिगरीची म्हणून सांगतात. सांगू देत. स्टेडियम भरलेलं असताना काय करायचं ते तेव्हाचं तेव्हा बघू. मंगळवारच्या सरावात हात मोडून घेण्यात कसली आलीय जिगर?

आमच्या हॉलवर वातावरण घरच्यासारखं आहे, असं तू ऐकलंस. खरं आहे, पण ते भिंतींतून येत नाही. पन्नाशीचे एक गृहस्थ बँकेतून सुटले की थेट येतात. दुसऱ्या दिवशी त्यांना पुन्हा काउंटरवर बसायचं असतं. तू ऐंशी किलोचा गडी. त्यांच्यावर सगळा भार टाकून, हिसका देऊन जिंकलास, तर कुणी काही बोलणार नाही. फक्त पुढच्या वेळी तुझ्यासमोर कुणी बसणार नाही. डाव लागत आला की वेग कमी करायचा, त्यांना टॅप करायला उसंत द्यायची. तुझ्याबरोबर रोल करायला, म्हणजे सरावाची लढत खेळायला, नवखी माणसं स्वतःहून पुढे आली, की समजायचं तू शिकतोयस. पट्ट्याचं नंतर बघू. पांढऱ्यानंतरच्या निळ्या पट्ट्यालाच बहुतेकांना दीड-दोन वर्षं लागतात. आणि हो, एखादा जोडीदार अंगावर येतोय असं वाटलं तर तूही नको म्हण. कोचला कारण सांगायची गरज नाही.

स्वच्छतेचं थोडं कडक आहे. तालमीच्या मातीत हळद, ताक, तेल, कापूर पडतं. मॅटवर तसं काही नसतं, तिथे गजकर्ण एकाचं दहा जणांना व्हायला वेळ लागत नाही. तालमीतून थेट येऊ नकोस, आंघोळ करून ये. नखं कापलेली हवीत. मॅटवरून उतरलास की पायात चप्पल, विशेषतः बाथरूमला जाताना. अंगावर गोल चट्टा दिसला तर घरी थांब आणि डॉक्टरला दाखव. गी, म्हणजे जिउ-जित्सूचा जाड कापडाचा पोशाख, लगेच विकत घेऊ नकोस. घट्ट टी-शर्ट आणि बिनखिशाची, बिनचेनची पँट चालेल. खिशात दुसऱ्याची बोटं अडकतात.

फीचं मी कोचशी बोललोय. आधी दोन-तीन दिवस नुसतं बसून बघ, मग ठरव.

वस्तादांना मात्र तू स्वतः जाऊन सांग, तेही पहिल्या दिवसाच्या आधी. तालीम सोडत नाहीये, संध्याकाळचे तीनच दिवस जाणार आहे, असं स्पष्ट बोल. ते आधी रागावतील, मग तिथे काय शिकवतात ते विचारतील. विचारलं तर गार्ड तोंडाने समजावत बसू नकोस. त्यांनाच एकदा हॉलवर घेऊन ये.

तुझा,
काका