नवीन ग्रुप काढायचा की नाही हे पोलवर ठरवावं का, आणि किती मतं पुरेशी धरायची?

तुमच्या प्रश्नातून मला जे समजलं ते असं, की कम्युनिटीत दीडेक हजार मेंबर आहेत, सगळे विषय एकाच ठिकाणी येऊन पडतात, काही जणांना त्यातला एक विषय वेगळ्या ग्रुपमध्ये हवाय, बाकीच्यांना वाटतंय की असे फाटे फुटत गेले तर मूळ ग्रुप ओस पडेल, आणि अ‍ॅडमिन म्हणतायत पोल टाकू, निम्म्याच्या वर गेलं की काढू. हे बरोबर आहे का, आणि निम्मं नाही तर किती, असं तुम्ही विचारलंय.

माझं मत आधीच सांगून टाकते. पोल टाकायचा तर टाका, पण त्यावर ग्रुप काढू नका. हो म्हणणारे किती हा आकडा तुमच्या काही कामाचा नाही, तिथे रोज येऊन लिहिणार कोण हे नावानिशी कळलं पाहिजे. हे मी कुठे वाचून सांगत नाहीये, हा अनुभव घेऊन झालाय.

मी बरीच वर्षं फोटोग्राफीच्या एका मोठ्या ऑनलाइन कम्युनिटीत मॉडरेटर आहे. एकदा एकाच आठवड्यात दोन मागण्या आल्या, एक प्रवासातल्या फोटोंच्या ग्रुपची आणि दुसरी अजूनही फिल्म रोल वापरतात त्यांच्या ग्रुपची. आम्ही दोन्हींचा पोल टाकला. प्रवासाला २१२ हो आणि ३१ नाही. फिल्मला १९ हो आणि १४० नाही. प्रश्नच नव्हता, प्रवासाचा ग्रुप त्याच रात्री सुरू केला आणि फिल्मवाल्यांना सॉरी म्हणून सांगितलं.

प्रवासाच्या ग्रुपमध्ये पहिली पोस्ट माझीच होती, स्वागताची आणि नियमांची, मग कुणी एका डोंगराचा फोटो टाकला, मग दोघा-तिघांनी अजून काही टाकलं, आणि तिसऱ्या आठवड्यात सगळं थांबलं. मी रोज रात्री उघडून बघायचे, शेवटची पोस्ट नऊ दिवसांपूर्वी, मग दहा, मग अकरा. आणि त्याच वेळी मूळ ग्रुपमध्ये प्रवासाचे फोटो पहिल्यासारखेच येत होते, कारण बघणारी माणसं तिथे होती. मी हो म्हणणाऱ्यांपैकी काही जणांना मेसेज करून विचारलं की तुम्ही तिकडे का येत नाही, तर जवळपास सगळ्यांचं उत्तर एकच, अहो असायला हवा असा ग्रुप, म्हणून हो म्हटलं. असायला हवा आणि मी तिथे येईन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पोलमध्ये दोन्ही एकाच बटणाखाली येतात.

फिल्मवाल्यांनी काय केलं, तर ते दुसरीकडे जाऊन स्वतःच बसले. अकराच जण होते. कुठली फिल्म कुठल्या डेव्हलपरमध्ये, म्हणजे फिल्म धुवायच्या रसायनात, किती मिनिटं आणि किती तापमानाला ठेवायची याची एक यादी त्यांनी मिळून बनवत आणली, कुणी नवीन रोल धुतला की एक ओळ वाढायची. मी पण तिकडे जायला लागले. एकदा एका मुलाने खिडकीसमोर धरलेल्या निगेटिव्हच्या पट्टीचा फोटो टाकला, पट्टीवर दुधासारखा पांढुरका पट्टा आला होता आणि त्याला वाटत होतं की अख्खा रोल गेला. पंधरा-वीस मिनिटांत तिघांनी सांगितलं की रोल गेलेला नाही, फिक्सर, म्हणजे फोटो पक्का करणारं रसायन, दमलाय, ताजा फिक्सर बनव, परत बुडव, नीट धू. त्याने केलं आणि संध्याकाळी स्वच्छ पट्टीचा फोटो टाकला. हा तोच ग्रुप ज्याला आमच्याकडे १४० लोकांनी नाही म्हटलं होतं, आणि त्या १४० मधल्या बहुतेकांनी फिल्म कॅमेरा हातात धरलेला नव्हता. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं होतं, अजून वाटतं.

आता हा प्रश्न आजचा नाहीये. वेब यायच्या आधीपासून यूजनेट होतं, म्हणजे कॉम्प्युटरवरून चालणाऱ्या चर्चेच्या ग्रुपांचं एक जाळं. १९७९ मध्ये ड्यूक युनिव्हर्सिटीतल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांना त्याची कल्पना सुचली आणि १९८० मध्ये ते सुरू झालं. त्याला एक मालक किंवा एक सर्व्हर असं काही नव्हतं, प्रत्येक युनिव्हर्सिटीचं, कंपनीचं आपलं मशीन, आणि ती मशीनं एकमेकांना फोन लाइनवरून मेसेज पोचवायची. म्हणजे एक ग्रुप वाढला की सगळ्यांच्या डिस्कवर जागा गेली आणि फोनचं बिल वाढलं. म्हणून सुरुवातीला मोठी मशीनं सांभाळणारे थोडे अ‍ॅडमिनच ठरवायचे कुठला ग्रुप हवा ते, लोक त्यांना बॅकबोन कबाल म्हणायचे, कबाल म्हणजे आतल्या गोटातली टोळी. १९८६-८७ मध्ये सगळ्या ग्रुपांची नावं बदलून सात मोठ्या गटांत मांडणी झाली, कॉम्प, मिस्क, न्यूज, रेक, साय, सोक आणि टॉक, पुढे १९९५ मध्ये ह्युमॅनिटीज आला आणि आठ झाले.

या गटांत नवीन ग्रुप हवा असेल तर पद्धत ठरलेली होती आणि ती मला अजूनही आवडते, निदान तिचा पहिला भाग. आधी चर्चेची विनंती टाकायची, तिला आरएफडी म्हणत. त्यात ग्रुपचं नाव काय, तिथे काय बोलायचं, काय नाही, मॉडरेटर असणार का, हे सगळं लिहायचं आणि काही आठवडे लोकांनी त्याचा कीस पाडायचा. मग मतदानाची हाक, म्हणजे सीएफव्ही. मतं ईमेलने, आणि तीसुद्धा मागणी करणाऱ्याकडे नाही, तर त्रयस्थ माणसाकडे, पुढे तर मतं मोजणाऱ्या व्हॉलंटियर लोकांचा एक वेगळा गटच तयार झाला. निकाल लागला की कुणी काय मत दिलं याची यादी जाहीर व्हायची, गुप्त मतदान वगैरे काही नाही. आणि पास व्हायला दोन अटी, हो मतं नाही मतांपेक्षा किमान १०० ने जास्त हवीत, आणि एकूण मतांत किमान दोन तृतीयांश हो हवीत. दोन्ही एकाच वेळी.

हे गणित करून बघा म्हणजे त्यातली गंमत कळेल. १५० हो आणि ४० नाही, फरक ११०, हो जवळपास ७९ टक्के, पास. ३०० हो आणि १८० नाही, फरक १२० आहे, पण हो फक्त साडेबासष्ट टक्के, नापास. ९० हो आणि एकही नाही नसलं तरी नापास, कारण शंभरच भरत नाहीत. म्हणजे तुमच्या अ‍ॅडमिनच्या निम्म्याच्या वर या नियमात जे राहून गेलंय ते इथे होतं, नुसतं प्रमाण नको, माणसंही पुरेशी हवीत. दहा जणांनी मत दिलं आणि सहा हो आले तर तुमच्या नियमाने ग्रुप निघेल.

पण एवढं करूनही हे मतदान म्हणजे निवडणूक नव्हती. तो कल बघण्याचा प्रकार होता. पास झालेला ग्रुप आपल्या मशीनवर घ्यायचा की नाही हे प्रत्येक अ‍ॅडमिनच्याच हातात राहायचं. १९८९ मध्ये मत्स्यालयाच्या छंदाचा ग्रुप रेक (छंद-करमणूक) ऐवजी साय (विज्ञान) गटात काढायची मागणी आली, कारण साय गट जास्त ठिकाणी घेतला जायचा. मतदानात ती पास झाली, पण छंदाचा विषय विज्ञानाच्या गटात कशाला म्हणून बऱ्याच ठिकाणी तो ग्रुप घ्यायलाच नकार मिळाला. शेवटी मासे पाळणारी मंडळी रेकमधल्या ग्रुपमध्ये रमली. मतं जिंकता येतात, पण ज्यांच्या भरवशावर ग्रुप चालणार ते तयार नसतील तर त्याचा उपयोग होत नाही.

आणि नाही मताचं काय करायचं हा त्याहून अवघड भाग. १९९६ मध्ये यूजनेटवर गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संगीताचा एक ग्रुप काढायची मागणी आली होती. लोक हादरले, ठिकठिकाणी निरोप गेले, आणि निकाल लागला ५९२ हो, ३३,०३३ नाही. तो ग्रुप झाला नाही हे मला मनापासून बरं वाटतं. पण तेव्हा लोकांनी जे केलं ते बरोबर की चूक हे बाजूला ठेवून एक गोष्ट बघा, त्या तेहतीस हजारांना त्या विषयाच्या ग्रुपमध्ये बसायचंच नव्हतं, म्हणजे नाही मताचा अर्थ मला यात रस नाही असा नव्हता, हे इथे असू नये असा होता. हा दुसरा अर्थ द्वेषाच्या विषयाला लागू पडतो, फिल्म रोलला पडत नाही. आमच्या १४० जणांना फक्त रस नव्हता आणि आम्ही ते हे इथे असू नये असं धरून मोजलं. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक इथे होते, कारण जे येणारच नाहीत त्यांना आपण दारावर उभं करतो.

दार बंद केलं की लोक दुसरं दार पाडतात. १९८७ मध्येच मोठ्या अ‍ॅडमिनांनी काही विषय नको म्हटल्यावर ब्रायन रीड, जॉन गिलमोर आणि गॉर्डन मॉफेट यांनी ऑल्ट नावाचा वेगळा गट सुरू केला, तिथे मतदानाची अटच नव्हती, आणि तो पुढे प्रचंड वाढला. त्यात ओस पडलेले आणि गमतीत काढलेले ग्रुप ढिगाने होते हेही खरं, पण ओस ग्रुपचं तेवढं नुकसान नाही जेवढं चालता ग्रुप अडवण्याचं आहे. मोठ्या आठ गटांत शेवटी २००६ मध्ये मतदान बंद झालं आणि एका मंडळाकडे काम गेलं.

विकिपीडियातही हेच झालं. नवीन भाषेचा विकिपीडिया पूर्वी बराचसा मतदानावर निघायचा, आणि २००६ मध्ये अशा मतदानातून सायबेरियन नावाने एक विकिपीडिया उघडला गेला ज्याची भाषा मुळात काही लोकांनी घडवलेली होती, तो २००७ मध्ये बंद करावा लागला. आता तिथे भाषा समिती बघते, आणि आधी इनक्युबेटरवर, म्हणजे नवीन विकिपीडिया चाचणीसाठी चालवायच्या वेगळ्या साइटवर, काही महिने सलग लेख लिहून दाखवावे लागतात, म्हणजे हात वर करून भागत नाही. स्टॅक एक्सचेंज या प्रश्नोत्तरांच्या साइट चालवणाऱ्या कंपनीने २०१० मध्ये नवीन साइट सुचवायला एरिया ५१ सुरू केलं, तिथेही नुसतं मत द्यायचं नव्हतं, आपल्या नावाने लिहून द्यायचं होतं की साइट सुरू झाल्यावर मी किमान दहा प्रश्न किंवा उत्तरं टाकेन.

प्रवास आणि फिल्मच्या त्या अनुभवानंतर आम्ही आमचा नियम बदलला आणि तुम्हालाही हेच सुचवीन. ज्यांना ग्रुप हवाय त्यांनी मूळ ग्रुपमध्येच एक धागा चालवायचा, सहा आठवडे, नेहमीच्या जागी, वेगळी खोली न देता. किमान आठ जणांनी आधी नाव द्यायचं, त्यातल्या दोघांनी सांगायचं की आम्ही रोज लक्ष ठेवू, भांडण झालं तर आम्ही बघू. सहा आठवड्यांनी ती आठ नावं आणि धाग्यातल्या पोस्ट शेजारी ठेवून बघायचं कोण खरंच आलं. विरोध असेल तर त्याने कारण लिहायचं, आणि कारण दोनच चालतात, नावात घोळ आहे किंवा आधीचाच ग्रुप हे करतोय. मला आवडत नाही हे कारण धरायचं नाही. द्वेष पसरवणारा विषय असेल तर तो मतदानावर सोडायचाच नाही, ते मॉडरेटरचं काम आहे.

रात्रीच्या आकाशाच्या फोटोंचा ग्रुप आम्ही असाच काढला. नऊ नावं आली होती, सहा आठवड्यांत सात जण नियमित लिहीत होते, आणि ज्यांनी हरकत घेतली त्यांचं म्हणणं होतं की अ‍ॅस्ट्रो म्हटलं की भविष्य सांगणारे येतील, ते आम्हाला पटलं आणि नाव बदलून तारांगण ठेवलं. पोल घेतलाच नाही. प्रवासाचा ग्रुप आम्ही बंद केला, आत असलेले थोडे फोटो मूळ ग्रुपमध्ये हलवले. फिल्मवाल्यांना मी परत या म्हणून विचारलं, त्यांनी प्रेमाने नको म्हटलं, ते तिकडे सुखात आहेत.

आणि तुमच्या मूळ ग्रुपची भीती, की फाटे फुटतील, ती खोटी नाहीये. ग्रुप वेगळा निघाला की त्या विषयातले चांगले लिहिणारे आधी जातात. म्हणून पहिले काही महिने नवीन ग्रुपमधली आठवड्याची एक चांगली पोस्ट मूळ ग्रुपमध्ये आणून ठेवा, आम्ही तारांगणबाबत अजून करतो, त्याने जाणं-येणं चालू राहतं.

तुमचा पोल आधीच टाकून झाला असेल आणि त्यात नावं दिसत असतील तर हो म्हणणाऱ्यांपैकी पंधरा जणांना आज एकच मेसेज करा, पुढच्या आठवड्यात तुम्ही तिथे काय टाकणार आहात. किती जणांनी उत्तर दिलं आणि काय लिहिलं ते इथे खाली सांगा, मी बघते आणि त्यावरून पुढचं बोलू.