महार रेजिमेंटमधून निवृत्त होणाऱ्या बौद्ध जवानासाठी सरकारी नोकरीची वेगळी भरती असते का?

तुमचे भाऊ यंदा पेन्शनवर येतायत, म्हणून विचारलंत. अल्पसंख्याक माजी सैनिकांसाठी वेगळी भरती नसते. माजी सैनिकाचं आरक्षण समांतर आहे, म्हणजे खुला, एससी अशा प्रत्येक प्रवर्गाच्या आतच त्याच्या जागा धरतात: राज्यात गट क आणि ड मध्ये १५ टक्के, केंद्रात गट क ला १० आणि गट ड ला २०. बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रातही १९९० पासून मिळतात, त्यामुळे भावाने जातीचा आणि माजी सैनिकाचा असे दोन्ही दाखले जोडायचे. दोन्ही!

मीही त्याच रेजिमेंटचा. राज्याच्या एका भरतीत कागदपत्र पडताळणीला बसलो होतो. टेबलावर डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतल्या सेवेचं पुस्तक, आणि जातीचा दाखला. लिपिकाने दाखला उघडून वाचला, डिस्चार्ज बुक न उघडताच बाजूला सारलं आणि म्हणाला, "एससी माजी सैनिकाची जागा भरली. खुल्यातली माजी सैनिकाची जागा ओपनवाल्यांची, तिथे तुमचं नाव येत नाही." त्या खुल्या जागेवर ज्याचं नाव होतं, त्याचे गुण माझ्यापेक्षा कमी होते. तेवढी वर्षं बर्फात काढलेल्या माणसाला हे ऐकवायचं? खुला हा कुणा जातीचा राखीव कोटा नाही. सर्वोच्च न्यायालयाने सौरव यादव प्रकरणात १८ डिसेंबर २०२० ला हेच सांगितलंय. ते प्रकरण महिलांच्या समांतर जागांचं होतं, पण तत्त्व तेच. निकालाची प्रत जोडून लेखी हरकत दिली, पोच घेतली. यादी बदलली आणि मी रुजू झालो. तोंडी भांडू नका, तोंडी बोललेलं फाइलला लागत नाही.

आमचे भाऊजी, तेही फौजी, आजही म्हणतात की जातीचा दाखला लावायलाच नको होता, पलटणीत जात नसते. पलटणीत नसते, मान्य. आमच्या रेजिमेंटमध्ये सगळ्या समाजाची पोरं एका लंगरला जेवतात. पण १८९० च्या दशकात महारांची भरती बंद झाली ती जात बघूनच, आणि १९४१ मध्ये बेळगावला ही रेजिमेंट उभी राहिली ती बाबासाहेबांनी सरकारकडे लावून धरलं म्हणून. भाऊजी, दाखला लपवून मिळवलेल्या मानाचं मला काही करायचं नाही. दोन्ही कागद माझेच आहेत.

हो, एक राहिलं. केंद्राच्या भरतीत जातीची वयसवलत घेतली असेल तर खुल्या जागेवर दावा टिकत नाही, त्यामुळे माजी सैनिकाच्या वयसवलतीत बसत असेल तर तीच घ्यावी. १५ वर्षं सेवा आणि दहावी असेल तर पदवी समकक्ष प्रमाणपत्र घेऊनच पलटण सोडायला सांगा. केंद्राच्या पहिल्या नोकरीवर रुजू होताना, आधी कुठे कुठे अर्ज केलेत त्याची यादी लिहून द्यायला सांगा, नाहीतर पुढच्या पदांसाठी माजी सैनिकाचं आरक्षण जातं.