भाषण राहू दे, आधी वित्त विधेयक उघड

बातमीदारीत करांचं बीट, म्हणजे करांच्या बातम्यांची जबाबदारी, मिळालीय म्हणालास, अभिनंदन. १ फेब्रुवारीला सगळे अर्थसंकल्पाच्या भाषणातल्या शेरोशायरीवर तुटून पडतात. तू वित्त विधेयक, म्हणजे करबदलांच्या कायद्याचा मसुदा, आणि त्याचं मेमोरँडम, म्हणजे कलमांचं स्पष्टीकरण, उघड. खरी बातमी तिथल्या एखाद्या कंटाळवाण्या कलमात दडलेली असते.

२०२५ चंच घे. '१२ लाखांपर्यंत करमुक्त' हा मथळा मीही दिला. पण नव्या करप्रणालीतली करमुक्त मर्यादा ४ लाखच होती. त्यापुढचा कर कलम ८७अ च्या रिबेटमुळे, म्हणजे आकारलेल्या करात मिळणाऱ्या सवलतीमुळे, शून्य होत होता, आणि शेअर विकून झालेल्या भांडवली नफ्यावरच्या कराला तो रिबेट लागू नव्हता. दुसऱ्या दिवशी एका निवृत्त वाचकाचा फोन: "माझा शेअरचा नफा धरून आठ लाख होतात, म्हणजे काहीच भरायचं नाही ना?" मी गप्प. तेव्हापासून मथळा देण्याआधी एका सीएला विचारतो. तोही कधीकधी चुकतो म्हणा.

'तरतूद वाढली' लिहिताना अर्थसंकल्पी अंदाजाची तुलना कशाशी केलीस ते बघ. गेल्या वर्षीचा अर्थसंकल्पी अंदाज (वर्षाआधी मांडलेला), सुधारित अंदाज (वर्ष सरत आल्यावर दुरुस्त केलेला) आणि प्रत्यक्ष खर्च, तिन्हींशी उत्तर वेगळं येतं. सरकार सोयीचं तेच सांगणार.

आणि अधूनमधून मार्केट यार्डात बस. जुलै २०२२ मध्ये पॅकबंद, लेबलवाल्या धान्यावर ५ टक्के जीएसटी आला, पण २५ किलोपर्यंतच्याच पाकिटांवर. मग २६ किलोचं पोतं का निघालं, ते मला दिल्लीच्या प्रेसनोटने नाही, एका तांदूळवाल्याने सांगितलं.